पैसावसूल प्रोसेसर

नाकाडोंगरी, ता. तुमसर
६ जानेवारी २०२५

चि. भुपेंद्र यास आशीर्वाद.

फोनवर तू "हो मावशी, करतो मावशी" म्हणतोस आणि करत काही नाहीस, म्हणून हे पत्र. उत्तरही मला कागदावरच हवं, तारीख टाकून. छत्तीस वर्षं तुमसरच्या शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवलं आहे. तोंडी परीक्षेत कोण किती फसवतो ते मला ठाऊक आहे.

काम असं. दिवाळीपासून वाघाने गावातल्या दोन कालवडी आणि सोमाजीचा बैल नेला. गावाने वर्गणी काढली, समिती केली, आणि रिकामी बसलेली म्हातारी म्हणून मला तिची अध्यक्ष केलं. जंगलाच्या कडेने आठ कॅमेरे लागले आहेत. प्रत्येक कॅमेरा दर सेकंदाला एक फोटो पंचायतीच्या जुन्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे धाडणार. फोटोत वाघ आहे की गाय की माणूस, हे कॉम्प्युटर ओळखणार. वाघ असला तर पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजणार. नागपूरच्या एका इंजिनिअरने प्रोग्राम फुकट दिला आहे. महागडं ग्राफिक्स कार्ड परवडत नाही, तेव्हा सगळा भार प्रोसेसरवर, असं तोच म्हणाला.

तुमसरच्या दुकानदाराने आधी मला लाल-निळे दिवे लुकलुकणारं मशीन दाखवलं. "मॅडम, गेमिंगवाला घ्या, मस्त लाईट मारते." मी म्हटलं, वाघाची वरात काढायची नाही, वाघ दिसायला हवा. मग त्याने तीन खोकी काढली. मी त्यांना उमेदवार अ, ब आणि क म्हणते. अ चार कोअरचा, आठ हजारांचा. ब सहा कोअरचा, तेरा हजारांचा. क आठ कोअरचा, बावीस हजारांचा. एक कोअर म्हणजे पेपर तपासणारा एक मास्तर, असं मी समजते. दर सेकंदाला आठ पेपर येणार. किती मास्तर लागतील, ते तू सांग. पुण्यात बसून लोकांच्या प्रोसेसरना गुण देण्याचाच पगार घेतोस ना?

मार्चअखेर मोहफूल पडायला लागेल. बायका पहाटे साडेचारला फुलं वेचायला निघतात. पुढे डोमा तेलाचा रिकामा पिपा बडवत चालतो, त्याचा बाप चालायचा तसा. डोमा सत्तरीला आला आहे, एका डोळ्याने कमी दिसतं. त्याच्या पिप्याच्या भरवशावर चाळीस बायका किती दिवस जंगलात पाठवायच्या?

तुझी मावशी,
सत्यभामा रहांगडाले

◆

पुणे
१६ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय गेली आहे, अक्षराला हसू नकोस. तुझी मास्तरांची उपमा मात्र झकास आहे, मी चोरणार आहे.

तुझ्या तिन्ही उमेदवारांची परीक्षा आम्ही मागच्याच महिन्यात घेतली होती. तुझ्या कामासारखंच काम दिलं होतं, फोटो ओळखण्याचं. अ सेकंदाला सहा फोटो तपासतो. ब चौदा. क एकोणीस. तुला आठ लागतात. म्हणजे अ नापास, ब पास होऊन वर सहा शिल्लक. क घेतलास तर नऊ हजार जास्त देऊन जे पाच मिळतील, ते तुझ्या कधी उपयोगालाच येणार नाहीत. मधल्या किमतीत ब ला तोड नाही. आमच्या साइटवर त्याला दहापैकी नऊ गुण आणि "पैसावसूल" असा शिक्का दिला आहे. खोक्यात जो पंखा येतो तोच लाव. दुकानदार प्रोसेसरवर बसवायचा वेगळा कूलर गळ्यात मारेल, घेऊ नकोस.

उरलेल्या पैशांत चांगली बॅटरी घे, तुमच्याकडे लाईट जाते.

तुझा,
भुपेंद्र

◆

नाकाडोंगरी
१० फेब्रुवारी २०२५

चि. भुपेंद्र यास आशीर्वाद.

उमेदवार ब ची नेमणूक झाली. दुकानदाराने कूलर गळ्यात मारायचा प्रयत्न केलाच. "मॅडम, उन्हाळ्यात लागन." मी तुझं पत्र त्याच्यासमोर धरलं. पुण्याचा कागद पाहून त्याने कूलर परत फळीवर ठेवला.

मंगळवारी गावासमोर चाचणी घेतली. सोमाजीच्या नातवाच्या पांघरुणावर वाघाचं चित्र आहे. ते शकूने दोन्ही हातांनी धरून कॅमेरा चारसमोर नाचवलं. शकू म्हणजे माझ्या शेजारची शकुबाई, मोहफुलं वेचण्यात गावात तिचा हात कोणी धरत नाही. तीन सेकंदांत भोंगा वाजला. कुत्री पळाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शकू म्हणाली, "पांघरुणातल्या वाघाले एवढा भेला, खरा आला तं पळूनच जाईन तुमचा डब्बा."

मग समितीची बैठक झाली आणि एक ठराव मीच मांडला. यंदा डोमाला पिपा घेऊन पहाटे बायकांपुढे चालायला लावायचं नाही. म्हातारा आहे, ठेचकाळतो. भोंगा शांत म्हणजे वाट मोकळी, असा नियम केला आणि फळ्यावर लिहून लावला. डोमा बैठकीत मागे बसला होता. "मंग मी आता का करू बाई?" मी म्हटलं, आराम कर. तो पिपा उचलून घरी गेला.

खोलीसमोरूनच खाणीचे ट्रक जातात. दोन दिवसांत मशीनवर काळ्या धुळीचा थर बसला. घरोघरी टीव्हीला, मिक्सरला आपण कव्हर घालतो, मग गावाचा पहारेकरी उघडा कसा ठेवायचा? मी जुन्या गोधडीचं जाड कव्हर शिवलं आणि कडेला क्रोशाची झालर लावली, कामठीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टी मारून शिकवलेली. खोलीची खिडकीही बंद करून घेतली. शकू बघून म्हणाली, "त्याले थंडी वाजून राहिली का मॅडम, काहून पांघरून ठेवलं?" तिला सौंदर्यदृष्टी नाही.

तुझी मावशी

◆

पुणे
१९ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, यावर लेख कर. केला. "वाघ ओळखणारा पैसावसूल प्रोसेसर." चाळीस हजार लोकांनी वाचला, या वर्षीचा आमचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. तुझं नाव घातलं नाही, फक्त "विदर्भातील एका निवृत्त शिक्षिका."

कव्हरचा फोटो पाठव. माझ्या आईने पण घरच्या कॉम्प्युटरला शिवलं होतं, बंद केला की घालायची.

घाईत आहे. बाकी क्षेम.

तुझा,
भुपेंद्र

◆

नाकाडोंगरी
२२ मार्च २०२५

चि. भुपेंद्र यास आशीर्वाद.

तुझा लेख खुशबूने, ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटर मुलीने, मोबाईलवर दाखवला. "निवृत्त शिक्षिका" ठीक. "भोळ्या उत्साहाने" हे शब्द कोणाचे? माझ्याबद्दल भोळी हा शब्द वापरणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

असो. एक शंका आहे. काल संध्याकाळी मी कॅमेरा चारची काच पुसायला गेले. मोहाच्या वाटेवरचा शेवटचा कॅमेरा तो. काच पुसली, पदर सारखा केला आणि चालत खोलीवर आले. माझ्या चालीने सात मिनिटं लागतात. आत येऊन पडद्याकडे पाहिलं, तर कॅमेरा चारसमोर मी उभी. काच पुसत होते. मी खुर्चीवर बसून स्वतःला पदर सारखा करताना पाहिलं आणि मग चालत चौकटीबाहेर गेले.

अंगावर काटा आला, खोटं बोलत नाही. शकू सोबत होती. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही अठी हाव का तठी हाव?"

पडद्याच्या कोपऱ्यात पाच एक्कावन्न, माझ्या मनगटावर पाच अठ्ठावन्न. माझं घड्याळ चुकत नाही, तेव्हा मशीनचं घड्याळ मागे पडत असावं. ते दुरुस्त कसं करायचं ते लिही. पंखाही फार घुरघुरतो. बाहेर चाळीस डिग्री आहे, पत्र्याखाली किती ते विचारू नकोस.

मोहाला कूच आली आहे, झाडं कळ्यांनी भरली आहेत. येत्या आठवड्यात फुलं पडतील.

तुझी मावशी

◆

पुणे
२७ मार्च २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, भूत नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती कमजोर झाली की घड्याळ मागे पडतं. तुमसरला चाळीस रुपयांत मिळेल. खुशबू बदलून देईल. एकदा बंद करून चालूही कर.

"भोळ्या" साहेबांनी घातलं. क्षमस्व.

तुझा,
भुपेंद्र

◆

नाकाडोंगरी
३ एप्रिल २०२५

भुपेंद्र,

चाळीस रुपयांची बॅटरी बदलली. बंद करून चालू केलं. त्या दिवशी सकाळी घड्याळं अगदी जुळली, आणि मी तुला मनातल्या मनात उत्तीर्ण केलं. संध्याकाळपर्यंत मशीन पुन्हा नऊ मिनिटं मागे. घड्याळ बिघडलेलं असेल तर ते सकाळी बरोबर आणि संध्याकाळी चूक कसं असतं? हा प्रश्न मी सातवीच्या पोराला घातला असता तरी त्याने तुझ्यापेक्षा जास्त वेळ थांबून विचार केला असता.

आता नीट वाच. मंगळवारी पहाटे बायका वेचायला गेल्या. भोंगा शांत होता, म्हणून गेल्या. शकू नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे, नाल्याकाठच्या मोठ्या मोहाखाली. टोपली भरली, परत निघाल्या, गावाच्या पांदणीत आल्या, आणि तेव्हा भोंगा वाजला. सगळ्या धावत घरी. उजाडल्यावर मी आणि सोमाजी काठ्या घेऊन पाहायला गेलो. ओल्या मातीत शकूच्या चपलेचा ठसा होता, जातानाचा. त्याच ठशावर पंजा उमटलेला. आणि पंज्यावर पुन्हा शकूची चप्पल, येतानाची.

सोमाजीने खाली बसून काठीचं टोक ठशांवरून फिरवलं. "मॅडम, हा तिच्या मागं गेला न तिच्या आंधी वाटंवरून उतरला. भोंगा तवा का करत होता?"

शकूला सांगितलं तर म्हणते, "वाजला ना पण. उशिरा काहून होईना, वाजला." मोहफुलांचे दिवस पंधरा-वीस. वर्षाचा किराणा त्यावर चालतो तिचा. ती थांबणार नाही, आणि फळ्यावरचा नियम माझ्याच अक्षरात आहे.

मला लेखी उत्तर हवं. उमेदवार ब सेकंदाला किती पेपर तपासतो? पुण्यात नव्हे. इथे.

स. रहांगडाले

◆

पुणे
८ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. रात्रभर झोपलो नाही, आज रजा घेतली आणि जे जानेवारीत करायला हवं होतं ते केलं.

एक ब प्रोसेसर ऑफिसातून आणला. घरच्या स्वयंपाकघरात दारं-खिडक्या लावल्या, दोन हीटर लावले आणि पंचेचाळीस डिग्री केलं. तुझ्यासारखंच साधं कॅबिनेट, खोक्यातला पंखा. पहिली दहा मिनिटं चौदा फोटो. मग तो तापला. जास्त तापला की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. अकरावर आला. अकरासुद्धा तुला पुरले असते. तेव्हा मला तुझ्या कव्हरची आठवण झाली. मी त्यावर चादर टाकली. सात.

दर सेकंदाला आठ पेपर येतात आणि मास्तर सात तपासतात. उरलेला एक खाली ठेवतात. दिवसभर गठ्ठा वाढत जातो. रात्री थोडं गार झालं की ते मागचे पेपर काढतात, पण पहाटेपर्यंत गठ्ठा संपत नाही. घड्याळ कधीच चुकलं नव्हतं, मावशी. मशीन तुला जुने फोटो दाखवत होतं.

आणखी एक. आमची चाचणी बावीस डिग्रीच्या एसी खोलीत झाली होती, दहा मिनिटांची, उघड्या टेबलावर, दीड किलोचा कूलर लावून. हे साइटवर तळटीपेत आहे, बारीक अक्षरांत. तुला मी लिहिलं नाही. दुकानदार बरोबर होता. आणि तुझं मशीन चोवीस तास चालतं, म्हणजे कव्हरही चोवीस तास असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कव्हर काढ. खिडकी उघड. मशीन बंद करून चालू कर, गठ्ठा जातो. मी मोठा कूलर कुरिअरने पाठवतो आहे. तोवर भोंग्यावर विसंबू नका, डोमाकाकांना पाठवा.

फोन करणार होतो. पण फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, आणि तुला सगळं कागदावरच लागतं. स्पीड पोस्टने पाठवतो आहे.

तुझा,
भुपेंद्र

◆

नाकाडोंगरी
६ मे २०२५

भुपेंद्र,

तुझं पत्र चौदा एप्रिलला पोचलं. पाकिटावर आठचा शिक्का आहे. शकू बारा तारखेला गेली.

कॅमेरा चारने वाघाचा फोटो पाच वाजून सात मिनिटांनी घेतला. फोटो स्वच्छ आहे, काच मीच पुसली होती. भोंगा पाच एकोणतीसला वाजला. तोवर आम्ही तिला खाटेवर घालून पांदणीपर्यंत आणलं होतं. तिची टोपली राखीच्या, तिच्या सुनेच्या, डोक्यावर होती. भोंगा वाजायला लागला आणि वाजतच राहिला. खाट धरलेले तसेच पुढे चालले. राखी म्हणाली, "आता कायले वाजते?"

तुझ्याकडे माझा नंबर होता. माझ्या गच्चीवर नेटवर्क येतं, तुला ठाऊक आहे. तीन मिनिटं लागली असती. "मावशी, कव्हर काढ, डोमाला पाठव." एवढ्यासाठी कोणी कागद मागत नाही. तुला माझा आवाज ऐकायचा नव्हता म्हणून तू माझ्या नियमाआड लपलास. मी आयुष्यभर असली पोरं पाहिली. उत्तर येत नसलं की पेनात शाई नाही म्हणतात.

पण नियम माझा होता. फळ्यावरचाही माझाच. डोमाला घरी मी बसवलं. आणि मशीनला गोधडी मी पांघरली, झालर लावून. शकूने पहिल्या दिवशी विचारलं होतं, त्याला थंडी वाजते का. चाळीस हजार लोकांनी लेख वाचला आणि तू त्याला दहापैकी नऊ गुण दिलेस. बरोबर प्रश्न तिने एकटीने विचारला, आणि मी तिला सौंदर्यदृष्टी नाही म्हणून लिहिलं. ते पत्र तुझ्याकडे असेल. फाडू नकोस.

कव्हर काढलं. खिडकी उघडून जाळी बसवली. तुझा कूलर आला, खुशबूने लावला. आता भर दुपारी सेहेचाळीस डिग्रीतही सेकंदाला तेरा फोटो होतात. मी रोज तीन वेळा मोजते आणि वहीत लिहिते. भोंगा पुन्हा तीन सेकंदांत वाजतो. उमेदवार ब खरंच चांगला आहे. त्यात तुझं काही चुकलं नव्हतं. तुझ्या साइटवर मात्र खोलीचं तापमान बारीक अक्षरांतून काढून गुणांच्या शेजारी, त्याच आकारात लिही. विनंती करत नाही.

मोहफुलं संपली, आता तेंदूपत्ता. बायका पहाटेच निघतात. मी समितीत नवा ठराव मांडला, भोंगा वाजला की जागच्या जागी थांबायचं आणि एकत्र परत फिरायचं. कोणी विरोध केला नाही. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. डोमाकडे गेले, तो ओसरीवर बसला होता. म्हटलं, पुन्हा चल. त्याने आतून पिपा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "मले आराम सांगतला होता ना बाई. आता तुम्ही वाजवा."

तेव्हापासून पिपा मी वाजवते. सदुसष्टाव्या वर्षी, पायात कॅनव्हासचे बूट घालून, चाळीस बायकांच्या पुढे. गोधडीचं कव्हर उसवून पिपा बडवायच्या दांडीला गुंडाळलं आहे, हाताला फोड येतात.

आज सकाळी परत आल्यावर खुशबूने पहाटेचे फोटो दाखवले. कॅमेरा चार, पाच वाजून दोन मिनिटं. मी पिपा घेऊन चाललेली, मागे सगळ्या बायका एका रांगेत, सगळ्यात शेवटी राखी. मशीनने त्यावर लिहिलं होतं, माणूस. मग तिने पाच तेराचा दाखवला. तीच वाट, तीच दिशा, वाघाचं डोकं खाली, आमच्या पावलांच्या वासावर. भोंगा लगेच वाजला होता, वेळेवर. मी पिप्याच्या आवाजातही तो ऐकला आणि थांबले. हात वर केला. मागून राखी म्हणाली, "आता वाजून राहिला म्हंजे तो कवाचाच गेला."

बायका माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेल्या.

सत्यभामा रहांगडाले